एका छपराखाली दोन शाळा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बोस्निया हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर १९९२ ते १९९५ या काळात आले. तेथील मुसलमानांवर झालेल्या जुलमाच्या बातम्या वाचून आपण हळहळलो, दुआ केली. पुढे त्या देशातील शाळांचे काय झाले, याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. आज मला त्याविषयी बोलावयाचे आहे.

१९९५ साली डेटन येथे तह झाला आणि बंदुका थांबल्या. परंतु सबंध देशासाठी एक शिक्षण खाते त्या तहाने निर्माण केले नाही. देशाचे दोन भाग झाले. त्यांतील एका भागात दहा जिल्हे, ज्यांना तेथे कॅन्टन म्हणतात, आणि प्रत्येकाचा शिक्षणमंत्री वेगळा! जेमतेम ३५ लाखांच्या वस्तीला एवढे मंत्री कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण सरळ आहे. मुलाला इतिहास कोणता शिकवायचा, हा अधिकार कोणालाच सोडवत नव्हता.

परागंदा झालेली कुटुंबे आपापल्या गावी परतू लागली, तेव्हा मुलांसाठी तात्पुरती सोय म्हणून एकाच इमारतीत दोन शाळा सुरू झाल्या. बोस्नियाक म्हणजे मुसलमान मुले एकीकडे, कॅथलिक क्रोएट मुले दुसरीकडे. कोठे दरवाजे वेगळे, तर कोठे पाळ्या वेगळ्या. त्राव्निक गावी तर आवाराच्या मधोमध कुंपण आले. अशा शाळांची संख्या पन्नासच्या वर गेली. २००३ साली देशाचा शिक्षणविषयक कायदा झाला, २०१४ साली तेथील फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी भेदभावाची ठरविली, तरीही तात्पुरती सोय हटली नाही. आणि गंमत अशी की, या मुलांना एकमेकांची भाषा समजते. रत्नागिरीकराला सोलापूरकराचे बोलणे समजावे, तितपत तरी नक्कीच.

त्याच देशातील बर्च्को जिल्ह्याने मात्र निराळी वाट धरली. २००१ पासून तेथे मुले एका वर्गात बसू लागली. आपल्या भाषेत बोलण्याचा, लिहिण्याचा हक्क प्रत्येकाला राहिला, लॅटिन व सिरिलिक या दोन्ही लिप्या चालल्या. त्याआधी तेथे विरोधाचे मोर्चे निघाले होते, हेही सांगितले पाहिजे. गोडीगुलाबीने काही झाले नाही.

विद्यार्थी मित्रहो, यायत्से गावची हकिकत खास तुमच्यासाठी. २०१६ साली तेथील सरकारने बोस्नियाक मुलांसाठी वेगळे माध्यमिक विद्यालय काढण्याचे ठरविले. विरोध कोणी केला? दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी. ते मिळून रस्त्यावर आले आणि २०१७ साली बेत रद्द झाला. वडीलधाऱ्यांना जे जमले नाही, ते पोरांनी केले.

आता कोणी म्हणेल, मग आपली ही संस्थाही वेगळेपणाच जोपासते की काय? प्रश्न रास्त आहे, तो टाळण्यात अर्थ नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क दिला आहे. ज्या मुलींना पालक दूरच्या शाळेत धाडत नव्हते, त्या अशा संस्थांमुळे शिकल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. आपण शाळा काढली ती दार उघडण्यासाठी. पण ते दार बाहेरच्यांसाठीही उघडे आहे काय? आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलाला मराठी सफाईने बोलता येते काय? शेजारच्या मराठी शाळेतला एक तरी दोस्त त्याला आहे काय? यांची उत्तरे पालकांनी घरी जाऊन शोधावीत.

मोस्तार शहरातील जुन्या विद्यालयाचे दोन्ही विभाग २००४ साली एका व्यवस्थापनाखाली आले. अभ्यासक्रम वेगळेच राहिले, परंतु संगणक-कक्ष दोघांचा एक झाला आणि विद्यार्थी-मंडळही एक झाले. एवढ्यावर समाधान मानावे असे मी म्हणणार नाही. तथापि कार्यकारिणीला माझी सूचना आहे की, आपल्या शाळेची प्रयोगशाळा आठवड्यातून एक दिवस शेजारच्या मराठी शाळेतील मुलांना वापरू द्यावी, आणि त्या दिवशी दोन्हीकडच्या मुलांच्या मिश्र तुकड्या कराव्यात. यासाठी सरकारी परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.