बाळाचं कार्ड कुठंय?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



या सोसायटीतली कितीतरी बाळं माझ्या दवाखान्यात सुई बघून रडली. आज ती नोकरीला लागलीत. काळजी वाटते ती दुसऱ्या लेकरांची. दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तान्ही लेकरंही सोबत जातात. मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस राहून जाते.

एक माउली चैत्रात परतली. म्हणाली, "डॉक्टर, आता पहिल्यापासून द्यावं लागंल का?" नाही हो! राहिलं तिथून पुढे द्यायचं. लस कुठल्याही गावच्या सरकारी केंद्रात फुकट मिळते. फक्त कार्ड सोबत ठेवायचं.

2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी 2022 मध्ये गोवंडी, मालेगावात गोवर पसरलाच. तो काही सोसायटीचं गेट बघून थांबत नाही. म्हणून घरी कामाला येणाऱ्या ताईंना, वॉचमनदादांना उद्याच विचारा, "बाळाचं कार्ड कुठंय?"

रौप्यमहोत्सवानिमित्त एवढंच मागणं.