गावाचा किनारा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत द्वारका, नवी दिल्ली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाची स्थापना झाली तेव्हा आज आपण जेथे बसलो आहोत ती द्वारका वसलेली नव्हती. पप्पन कलां ह्या जुन्या नावाने हा भाग ओळखला जात असे. पुढे येथे वसाहत उभी राहिली आणि तिला श्रीकृष्णाच्या समुद्रकाठच्या राजधानीचे नाव मिळाले. नाव आले, समुद्र मात्र आला नाही. मूळ द्वारका समुद्राने गिळली अशी कथा आहे. आपल्या ह्या द्वारकेला ते भय नाही, आणि ते भाग्यही नाही. येथील मराठी माणूस वर्षातून एकदा रजा काढून कोकणाकडे धाव घेतो, त्याचे एक कारण हेही असावे. म्हणूनच आज प्रवासवर्णनाच्या निमित्ताने एका किनाऱ्याविषयी चार शब्द बोलावेत असे मी योजिले आहे.

किनारे दोन प्रकारचे असतात. एक निर्जन, चित्रातल्यासारखा. त्याची छायाचित्रे आपण भिंतीवर लावतो. दुसरा गावाचा किनारा. तेथे वाळूला लागूनच शाळा, कचेरी, बाजार, देऊळ असते, आणि गावातील माणूस संध्याकाळी घराला कुलूप न लावताही तेथे जाऊन येतो. मला हा दुसरा प्रकार अधिक प्रिय आहे, आणि त्याचा उत्तम नमुना म्हणजे अलिबाग. ‘मी काय अलिबागहून आलो आहे?’ हा मुंबईकरांचा वाक्प्रचार आपण सर्वांनी ऐकला असेल. त्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात चक्क याचिका दाखल झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली, हे विनोदाच्या दृष्टीने योग्यच झाले. परंतु अलिबागहून परत आलेला माणूस भोळा होऊन येत नाही, काही शिकूनच येतो, असा माझा अनुभव आहे.

घरच्या मंडळींसह मी तेथे गेलो तो गेटवे ऑफ इंडियावरून लाँचने. सुमारे तासाभरात मांडवा बंदर येते आणि तेथून बसने अलिबाग. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाडीसह नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. अलिबागला उतरल्यावर प्रथम घड्याळ नव्हे तर पंचांग पाहावयाचे असते. ह्याचे कारण असे की, किनाऱ्यासमोरच पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीला तेथे पायी जाता येते, भरतीला होडीवाचून गत्यंतर नाही. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील रीत अगदी सोपी आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे स्थूलमानाने भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास आधी, सकाळी नवाच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, तेवढीच भरतीही रोज मागे सरकते. सारे गणित त्यावर बसविलेले आहे. मात्र अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असल्याने पाणी फारसे उतरत नाही; पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ते चांगले मागे हटते. दिल्लीत आपण पंचांग केवळ उपासासाठी उघडतो. तेथे ते पाय भिजतील की नाही हे सांगते!

किल्ल्याचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. शिवछत्रपतींच्या अखेरच्या वर्षी, १६८० साली, त्याच्या बांधकामास प्रारंभ झाला आणि संभाजीराजांच्या काळात ते पूर्णत्वास गेले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे बलस्थान झाले. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली, ती फसली. किल्ल्याचे प्रचंड चिरे चुन्यावाचून एकावर एक बसविलेले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तेथेच जिरतो. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे देऊळ आहे आणि खाऱ्या समुद्राच्या मध्यावर गोडे पाणीही आहे. कान्होजींची समाधी मात्र गावात आहे.

परंतु किल्ला पाहून परतल्यावर खरे पाहण्यासारखे काही असेल, तर ते संध्याकाळचा किनारा. अलिबागची वाळू पांढरीशुभ्र नाही. काळसर आहे, आणि ओहोटीनंतर ती फरसबंदीसारखी घट्ट होते. त्या वाळूवर महाविद्यालयातील मुले क्रिकेट खेळत असतात. घोडागाडीवाले गिऱ्हाईक शोधत असतात. कचेरीतून सुटलेला कारकून पायांतील वहाणा हातात घेऊन चालत असतो. एखादी आजी नातवाला लाटेजवळ नेते आणि लाट आली की त्याच्याआधी आपणच मागे पळते. कोळीवाड्यातील माणसे मात्र समुद्राकडे कौतुकाने पाहत नाहीत; ती त्याच्याकडे शेतकऱ्याने आभाळाकडे पाहावे तशी पाहतात. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेच्या वेधाने होड्या पुन्हा सजू लागतात. ह्या सगळ्यांना येथे येण्यासाठी तिकीट लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

ह्या किनाऱ्याचा मोकळेपणा फार जुना आहे. बेने इस्रायली बांधवांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज येथून जवळच नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आले. तेलाचा धंदा करणारे आणि शनिवार पाळणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे आणि त्यांचे प्रार्थनामंदिरही आहे. बुडत्याला वर घेताना त्या वाळूने त्याचा धर्म विचारला नाही.

मुंबईच्या कोलाहलापासून दूर, शांततेसाठी अलिबागला आलेले पहिले पाहुणे कोण, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, चुंबकसूच्या! मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर त्या निरीक्षणांत बाधा येईल हे नानाभॉय मूस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ओळखले, आणि १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला उघडण्यात आली. सुया आल्या आणि त्यांनी गावाला त्रास दिला नाही. त्यांच्या मागोमाग आलेल्या आम्हा माणसांविषयी तसे म्हणता येईल का, ह्याची मला शंका आहे.

अलिबागच्या उत्तरेकडील एका गावी आम्ही दोन दिवस राहिलो होतो. आमचे यजमान सत्तरीचे गृहस्थ. ते आम्हांला नारळी-पोफळीच्या बागांमधील जुन्या पाणंदीने समुद्रावर नेण्यास निघाले. अर्ध्या वाटेवर नवे लोखंडी फाटक लागले. त्याला कुलूप होते. पलीकडे बंगला, हिरवळ आणि त्यापलीकडे लाटांचा आवाज. यजमान क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “चला साहेब, वळसा घालू.” तो वळसा सुमारे पाऊण तासाचा होता. आमच्या सुटीतील पाऊण तास गेला, त्याचे काही नाही. परंतु त्या वाटेने ज्यांचे आजे-पणजे जाळी खांद्यावर टाकून गेले त्यांनी रोज वळसा का घालावा, हा प्रश्न माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. वाळू कोणी उचलून नेली नव्हती; फक्त तिच्याकडे जाणारी वाट नेली होती.

सज्जनहो, समुद्रकिनारा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आजचा नव्हे. सहाव्या शतकात, ५३३ साली, सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे संकलन झाले त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा काठ ह्या गोष्टी निसर्गतःच सर्वांच्या सामाईक आहेत असे तत्त्व सांगितले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हिमाचलातील व्यास नदीकाठच्या एका प्रकरणात त्याच तत्त्वाचा आधार घेतला आणि शासन हे अशा संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे असे स्पष्ट केले. गंमत अशी की ज्या इटलीच्या भूमीत हा कायदा जन्मला, तेथील नगरांच्या किनाऱ्यांवर आज वेगळेच दृश्य दिसते. दक्षिणेकडील पुलिया किंवा कॅलाब्रिया येथील एखाद्या नगराचा वाळूचा किनारा घ्या. तो कायद्याने सरकारचा. परंतु त्याचे पट्टे भाड्याने दिलेले असतात आणि त्यांवर छत्र्या व आरामखुर्च्यांच्या रांगा शाळेच्या कवायतीसारख्या उभ्या असतात. मध्ये कोठेतरी फुकट बसणाऱ्यांसाठी एक मोकळा तुकडा. तरीही पाण्याच्या कडेपर्यंत जाण्याची वाट पट्टेदारांनी अडवू नये, असे बंधन तेथील २००६ च्या कायद्याने घातले आहे. खुर्चीचे भाडे घ्या, समुद्राचे घेऊ नका, एवढा विवेक त्यांनी राखला.

आपल्याकडेही कागदावर पुष्कळ काही आहे. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्यातूनच पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आली; २०११ आणि २०१९ मध्ये तिची नवी रूपे निघाली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. स्थानिकांना घरे हवीत हे खरे, आणि कोळ्याच्या पोराला घर बांधता आले पाहिजे ह्याविषयी दुमत नाही. परंतु त्याच नियमाच्या आडोशाने फाटके उभी राहू लागली, तर सवलत एकाच्या नावे आणि लाभ दुसऱ्याचा असे होईल. सरकारी नोकरीत उभा जन्म काढलेला माणूस म्हणून मी एवढे सांगू शकतो की, अधिसूचना रेषा आखू शकते. त्या रेषेवर रोज चालणारी पावले मात्र लोकांचीच लागतात.

ह्या बाबतीत त्याच जिल्ह्याचा एक धडा आहे. आजचा रायगड जिल्हा १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा होता आणि महाड त्यातच येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेने पुढे तो स्वीकारलाही. तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य गणलेल्यांच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ आला. आणि त्यानंतरही न्यायालयातील लढा १९३७ पर्यंत चालला. त्या अन्यायाची तुलना बंगल्याच्या फाटकाशी मी करणार नाही. ती करणे अनुचित होईल. परंतु सूत्र एकच आहे. सार्वजनिक म्हणून लिहिलेली वस्तू वापरल्यावाचून सार्वजनिक होत नाही.

तेव्हा माझी आपणांस नम्र सूचना अशी की, पुढील सुटीत कोकणात जाल तेव्हा एक संध्याकाळ तरी गावाच्या किनाऱ्यावर काढा. कुंपणाच्या आतील समुद्र सोयीचा असेल, पण तो अर्धाच समुद्र असतो. गावातील खानावळीत जेवा, बाजारातून पांढऱ्या कांद्याची माळ आणा, आणलेला कचरा परत न्या. वाट बंद दिसली तर ग्रामपंचायतीत जाऊन ती का बंद आहे हे विचारा. ज्यांची मूळ घरे किनारी जिल्ह्यांत आहेत त्यांनी किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यांवर जनसुनावणी होते तेव्हा आपले म्हणणे लेखी द्यावे. दिल्लीत आपण सारे अर्ज लिहिण्यात निष्णात आहोतच. त्या विद्येचा एक उपयोग मातृभूमीसाठीही व्हावा.

आपण येथे समुद्रापासून शेकडो मैल दूर राहतो म्हणून त्यावरचा आपला हक्क कमी होत नाही, आणि जबाबदारीही कमी होत नाही. आपल्या नातवंडांना द्वारका म्हणजे काय हे सांगताना समुद्र दाखवावा लागेल. तो दाखविण्यासाठी त्याच्यापर्यंत जाणारी वाट उघडी राहिली पाहिजे.