ओंजळभर पाण्याचे ऋण

(उपनगरातील एका कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'कृतज्ञता' हा शब्द सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. सत्कारसमारंभात तो उच्चारला जातो, निमंत्रणपत्रिकेत छापला जातो, एकसष्टीच्या गौरवग्रंथात तर हमखास आढळतो. मात्र त्याची फोड सहसा कोणी करीत नाही. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले आहे हे जो जाणतो, तो कृतज्ञ. याचा अर्थ असा, की कृतज्ञतेचा आरंभ भावनेच्याही आधी ज्ञानात आहे. जे ठाऊकच नाही, त्याविषयी कृतज्ञ राहायचे तरी कसे?

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांपुढचा प्रश्न नेमका हाच आहे. या कुटुंबांत वृत्ती वाईट नाही, संस्कारांची वानवाही नाही. देवापुढे दिवा लागतो, थोरांना नमस्कार केला जातो. परंतु घरात येणारी प्रत्येक गोष्ट इतक्या दुरून आणि इतक्या निमूटपणे येते, की तिच्यामागे कोणाचे हात आहेत हे कळण्याची सोयच उरलेली नाही.

पाण्याचेच उदाहरण घ्या. विहार तलाव १८६० साली पूर्ण झाला, तुळशी १८७९ साली, आणि तानसाचे पाणी १८९२ साली मुंबईत आले. पुढे मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. या तलावांपैकी तुळशी आणि विहार तेवढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगेत आहेत. बाकीचे सारे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून, सुमारे शंभर किलोमीटरची वाट तुडवीत येते. तानसाच्या अजस्र जलवाहिन्या मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या वस्त्यांतून गेल्या आहेत. रोज त्यांच्याजवळून ये-जा करणाऱ्या किती जणांनी मुलांना हाताशी धरून सांगितले असेल, की बाळांनो, तुमच्या पेल्यातले पाणी या वाटेने येते? नळ सोडला की पाणी येते, एवढेच मुलांना ठाऊक. वडिलांनाही बहुधा तेवढेच ठाऊक. पाणी एक दिवस आले नाही, म्हणजे मात्र त्याची आठवण होते, आणि तीही तक्रारीच्या रूपाने.

मग हे जाणतेपण शिकायचे कोठे? जेथे वस्तू मुबलक आहे तेथे ते शिकणे कठीण. जेथे रांजणाचा तळ रोज दिसतो, तेथे ते कोणी न शिकवता येते.

महाराष्ट्रात असा प्रदेश शोधायला फार दूर जावे लागत नाही. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे. तेथे वर्षभरात जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. सह्याद्रीने अडवलेल्या ढगांची ही उलटी बाजू. नकाशात या भागाला कोणी वाळवंट म्हणत नाही. पण वैशाखात माणगंगेच्या कोरड्या पात्रात उभे राहिलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचत नाही. व्यंकटेश माडगूळकर आणि ग. दि. माडगूळकर या बंधूंमुळे माणदेश मराठी वाचकाला परिचित आहे. त्याच माणदेशातले म्हसवड हे सिद्धनाथाचे गाव.

या गावी १९८०च्या दशकात मुंबईची एक उच्चशिक्षित तरुणी राहायला आली. चेतना गाला हे तिचे माहेरचे नाव. मुंबईत जन्मलेली, मुंबईतच वाढलेली, अर्थशास्त्र शिकलेली आणि जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने भारावलेली. म्हसवडचे शेतकरी कार्यकर्ते विजय सिन्हा यांच्याशी विवाह झाला आणि हे कोरडे गाव तिचे सासर झाले. घरात नळाचे पाणी नाही, शौचालय नाही. मुंबईतील आप्तेष्ट आणि मैत्रिणी हे ऐकून हबकून गेल्या होत्या, असे चेतनाताईंनीच पुढे जाहीर भाषणांत सांगितले आहे.

शहरातून अशा गावी गेलेल्या माणसाच्या मनात पहिले काही दिवस केवळ उणिवांची यादी असते. हे नाही, ते नाही. हळूहळू त्या यादीची जागा वेगळी नोंदवही घेते. कोरड्या मुलखातील घरात पाण्याला एकच जन्म नसतो. भाजी धुतलेले पाणी जनावरांच्या पुढ्यात जाते, मोरीचे पाणी परसातल्या शेवग्याला मिळते. घागर आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरची चुंबळ घरातल्या लेकरालाही दिसते. म्हणून ते लेकरू पेल्यात पाणी टाकून देत नाही. त्याला कोणी बौद्धिक दिलेले नसते. पाणी कोणी आणले हे त्याला माहीत असते, एवढेच. आणि तरीही दारी आलेल्या पाहुण्याच्या हाती आधी पाण्याचा तांब्या दिला जातो. ज्या घरात पाणी मोजून वापरतात, त्या घरचा तो तांब्या म्हणजे खरोखरीचे दान असते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. कृतज्ञतेचा उपदेश करणे म्हणजे गरिबाला आहे त्यात गप्प बसवणे नव्हे काय? माणदेशातील स्त्रियांनीच याचे उत्तर आपल्या कृतीने दिले आहे.

लोहारकाम करून रस्त्याच्या कडेला संसार मांडलेली एक स्त्री चेतनाताईंकडे आली. तिला बँकेत खाते उघडायचे होते. रोजचे थोडे पैसे साठवून पावसाळ्यापूर्वी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, एवढीच तिची मनीषा. बँकेने नकार दिला. इतक्या किरकोळ रकमेचे खाते परवडत नाही, हे कारण. उपनगरातल्या घरात नव्या दूरचित्रवाणी संचाच्या वेष्टनाबरोबर जेवढे प्लॅस्टिक येते आणि कचऱ्यात जाते, तेवढ्याचे मोल त्या माउलीला ठाऊक होते. कारण त्या कागदाखाली तिची लेकरे झोपणार होती.

या नकारातून स्त्रियांची स्वतःची बँक काढण्याचा विचार पुढे आला. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि तोही फेटाळला गेला. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. त्या स्त्रियांनी काय केले? नशिबाला दोष दिला नाही, मोर्चाही काढला नाही. दिवसभराचे कष्ट उपसून त्या रात्री अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, हा आमचा दोष नाही. पण हिशेब आम्हांला येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय ते करायला सांगा, मग पाहू कोण आधी सांगतो ते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

ज्या स्त्रिया ओंजळभर पाण्याचे उपकार मानतात, त्याच आपल्या हक्कासाठी रिझर्व्ह बँकेच्या दारात ताठ मानेने उभ्या राहतात. यात विसंगती नाही. जिला पै-पैचे मोल कळते, तिला आपल्या श्रमाचेही मोल कळते. कृतज्ञता आणि लाचारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाचार माणूस देणाऱ्याकडे पाहून मान खाली घालतो. कृतज्ञ माणूस घेतलेले लक्षात ठेवतो आणि फेडायला उभा राहतो.

फेडणे म्हणजे काय, हेही त्याच मातीत दिसले. २०१२-१३चा दुष्काळ माणदेशाला होरपळून गेला. हा खिलार जनावरांचा मुलूख. बेंदराला बैलाची शिंगे रंगवून, पाठीवर झूल घालून त्याला पुरणपोळीचा घास देणारी ही घरे. चारा संपला, पाणी आटले, आणि एक शेतकरी स्त्री अंगावरचे दागिने गहाण ठेवायला बँकेत आली. जनावरांसाठी चारा घ्यायचा होता. व्यवहारी मनुष्य म्हणेल, की जनावर विकून टाकावे. पण ज्याच्या बळावर आजवर घर चालले, त्याला उन्हाळ्यात बाजार दाखवायचा नाही, ही तेथली रीत. बँकेतून कर्ज मिळेल, पण गावात पाणीच उरले नाही तर काय, या प्रश्नाने मग संस्थेलाही जागे केले. म्हसवडला चारा छावणी उभी राहिली. हजारो जनावरे आणि त्यांचे मालक तेथे सुमारे दीड वर्ष राहिले. बेंदराच्या दिवशी केलेली पूजा त्या दीड वर्षात खरी ठरली.

मुंबईहून गावाला काही देण्यासाठी गेलेल्या चेतनाताई पुढे देशोदेशींच्या व्यासपीठांवर गेल्या. २०१८ साली दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांत त्यांचा समावेश होता. परंतु या अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांनीच आपल्याला शिकवले, असे त्या सर्वत्र सांगत आल्या आहेत. शहरातून कोरड्या गावी गेलेल्या माणसाची खरी मिळकत ती हीच.

आता प्रत्येक कुटुंबाला म्हसवडला जाऊन राहणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. माणदेश उपनगराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. माण तालुक्याचा जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस उपनगरांवर एका दिवसात कोसळला आणि समुद्रात गेला. त्यानंतर चारच वर्षांनी, २००९ साली, याच शहराला पाणीकपात सोसावी लागली. निसर्ग येथे कंजूष नाही. विस्मरण मात्र मोठे आहे.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण तेथे रोजच्या जगण्यात उतरलेली आहे. ज्यांच्या डोंगरांतले, ज्यांच्या पूर्वजांच्या जमिनींवर साठलेले पाणी मुलुंड-बोरिवलीच्या न्हाणीघरांत वाहते, त्यांच्या लेकी-सुना हंडा घेऊन मैलभर चालतात. उपनगरातील कुटुंबाचे हे ऋण कोणत्याही पासबुकात नोंदलेले नाही, म्हणून ते नाहीसे होत नाही.

ते फेडायचे कसे? आरंभ घरापासून करता येईल. गच्चीवरची टाकी भरून वाहत असेल, तर पहारेकऱ्यावर खेकसण्याऐवजी तिचा फ्लोट दुरुस्त करून घ्यावा. मुंबईत २००२ सालापासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजलसंचयन सक्तीचे झाले. आपल्या सोसायटीतील ती व्यवस्था चालू आहे की नुसती कागदावर आहे, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत विचारावे. आवारातली जुनी विहीर असेल, तर ती बुजवून तिच्यावर वाहनतळ करण्याच्या ठरावाला विरोध करावा. मे महिन्यातल्या भर दुपारी टपाल, गॅसचे सिलिंडर वा भाजी घेऊन येणाऱ्याला न मागता पाण्याचा तांब्या द्यावा. सुट्टीच्या एखाद्या दिवशी सहलीच्या नेहमीच्या ठिकाणाऐवजी मुलांना शहापूरच्या एखाद्या पाड्यावर न्यावे. तेथे छायाचित्रे काढण्यासाठी वा कपडे वाटण्यासाठी जाऊ नये. तेथल्या आयाबायांशी बोलावे, विहीर किती लांब आहे हे त्यांच्याबरोबर चालून पाहावे आणि जलसंधारणाच्या कामात वेळ वा पैसा देता आला, तर तो मुकाट्याने द्यावा.

चुंबळ पाहिलेले मूल पेल्यातले पाणी टाकत नाही. ती चुंबळ आपल्या मुलांना दाखवणे, एवढे काम या उपनगरांतील प्रत्येक घराला या उन्हाळ्यात करता येण्याजोगे आहे.