रिकाम्या बांकांचा प्रश्न

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल दिवशीं देऊळ आंतबाहेर भरून गेलेलें असतां रिकाम्या देवळांविषयीं बोलावयास उभें राहणें औचित्याला सोडून आहे, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. परंतु दिवा तेवत असतांनाच तेलाची चौकशी करावी, हा शहाण्या गृहिणीचा नियम आहे. म्हणून आज आम्ही आपणांस दूर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेऊं इच्छितों. तो देश आपणांस अगदींच परका नाहीं. आपणांपैकीं कांहींचीं मुलेंबाळें पोटापाण्यासाठीं तेथें गेलीं आहेत. आणि आपल्या भारतांतून गेलेले अनेक धर्मगुरु तेथील धर्मग्रामांत सेवा करीत आहेत.

बोस्टन शहराच्या आग्नेयेस, समुद्राच्या कांठीं, सिच्युएट नांवाचें एक गांव आहे. तेथें संत फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी या साध्वीच्या नांवाचें एक देऊळ होतें. २००४ सालीं बोस्टनच्या महाधर्मप्रांतानें, उपासकांची घटती संख्या, धर्मगुरूंची टंचाई आणि द्रव्याची अडचण हीं कारणें पुढें करून अनेक धर्मग्राम बंद करण्याचें ठरविलें. त्यांत हेंहि एक होतें. त्या वर्षीं २६ ऑक्टोबर रोजीं तेथील कांहीं उपासक देवळांत जाऊन बसले, ते उठलेच नाहींत. त्यांनीं पाळ्या लाविल्या. दिवसा व रात्रीं, थंडींत व बर्फांत, एक ना एक माणूस त्या देवळांत हजर राही. असें अकरा वर्षांहून अधिक काळ चाललें. अखेर न्यायालयांचे निकाल त्यांच्या विरुद्ध गेले, मे २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांचें गाऱ्हाणें ऐकण्यास नकार दिला, आणि त्या महिन्याच्या २९ तारखेस शेवटची उपासना करून त्यांनीं देऊळ सोडलें.

वरिष्ठांची आज्ञा मोडण्यांत त्यांनीं योग्य केलें कीं अयोग्य, याचा निवाडा करण्यासाठीं आम्ही ही हकीकत सांगत नाहीं. आमच्या मनांत निराळाच प्रश्न उभा राहतो. ज्या काळांत देशभर देवळें ओस पडत होतीं, त्याच काळांत कुलूप लावावयाचें ठरलेलें एक देऊळ अकरा वर्षें घटकाभरहि रिकामें राहिलें नाहीं, तें कशामुळें? या प्रश्नाकडे आम्ही शेवटीं परत येऊं.

प्रथम हीं देवळें भरलीं कशीं, तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडालें, व उपासमारीला कंटाळून लक्षावधि कॅथोलिक लोक अमेरिकेस गेले. त्यांच्या मागोमाग जर्मन, इटालियन, पोलिश असे लोंढे आले. भाषा परकी, काम हलकें, आणि धर्माविषयीं शेजाऱ्यांच्या मनांत संशय. अशा स्थितींत त्यांना हक्काची जागा एकच होती, ती म्हणजे देऊळ. तेथें आपल्या बोलींत प्रवचन ऐकावें, आजाऱ्याची वास्तपुस्त करावी, नोकरीची बातमी काढावी, मुलामुलींचे विवाह जुळवावे. १८८४ सालीं बाल्टिमोर येथें भरलेल्या महागुरुस्वामींच्या महासभेनें प्रत्येक देवळाजवळ शाळा उभारण्याचा आदेश दिला; आणि गरीब मजुरांच्या पैपैशांतून त्या शाळा उभ्या राहिल्या. १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत कॅथोलिक शाळांत पन्नास लाखांवर मुलें शिकत होतीं. १९५५ सालीं गॅलप संस्थेनें केलेल्या पाहणींत शंभरांपैकीं पंचाहत्तर कॅथोलिकांनीं, गेल्या सात दिवसांत आपण देवळांत गेलों होतों, असें सांगितलें.

आतां आजचें चित्र पाहा. त्याच संस्थेच्या २०२१ ते २०२३ या वर्षांच्या पाहणींत दर आठवड्यास अथवा बहुतेक आठवड्यांस देवळांत जाणारे कॅथोलिक शंभरांत तेहतीसच भरले; आणि हें लोकांनीं स्वतःच्या तोंडानें सांगितलेलें, म्हणजे खरा आंकडा याहूनहि कमी असण्याचा संभव अधिक. ही घट एकट्या कॅथोलिकांची नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंतील शंभर प्रौढांपैकीं सत्तर जण कोठल्या तरी देवळाचे, सिनेगॉगचे वा मशिदीचे सभासद होते. २०२० सालीं ही संख्या सत्तेचाळीसवर आली. तेथें हें मोजमाप सुरू झालें १९३७ सालीं. तेव्हांपासून ती निम्म्याखालीं गेल्याची ही पहिलीच वेळ. कॅथोलिक शाळांतील मुलें आतां सुमारें सतरा लाख राहिलीं आहेत. ज्या बाल्टिमोरांत ती महासभा भरली, तेथेंच २०२४ सालीं शहर व आसपासचे एकसष्ट धर्मग्राम एकमेकांत विलीन करून उपासनेचीं स्थानें तीसवर आणण्याचें ठरलें.

हें असें कां झालें? कारणें अनेक सांगतात व त्यांतील बहुतेकांत कांहीं ना कांहीं तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लोक जुन्या वस्त्या सोडून उपनगरांत गेले, व आजोबांनीं बांधलेलें देऊळ मागें राहिलें. रविवार बाजाराचा व खेळांचा वार झाला. १९६८ सालच्या संततिनियमनाविषयींच्या परिपत्रावरून पुष्कळांचीं मनें दुभंगलीं. परंतु एक कारण असें आहे कीं तें उच्चारतांना आमची मान खालीं जाते. २००२ सालीं 'बोस्टन ग्लोब' या वृत्तपत्रानें, बालकांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना पाठीशीं घालून एका धर्मग्रामांतून दुसऱ्यांत धाडण्यांत आलें, हें उजेडांत आणलें. पुढें महागुरुस्वामींनींच करविलेल्या २००४ सालच्या अभ्यासांत आढळलें कीं १९५० ते २००२ या काळांत ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाले होते, व गाऱ्हाणें करणाऱ्यांची संख्या दहा हजारांवर होती. मेंढपाळानेंच कोंकरांस दगा दिल्यावर मेंढरें पांगलीं, तर दोष मेंढरांस कसा द्यावा? हें एकच कारण नव्हे. कारण घट त्यापूर्वींच सुरू झाली होती, व इतर पंथांतहि ती दिसते. तरी ही जखम झांकून ठेवून पुढें जाणें म्हणजे ती पुन्हा चिघळूं देणें होय.

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतों. देवळांतील बांक रिकामे झाले तर त्यांत अमेरिकन समाजाचें काय गेलें? कोणी म्हणेल, ज्याचा त्याचा विश्वास, ज्याचा तो जाणे. परंतु १८३१ सालीं तो देश पाहून गेलेल्या तोकव्हिल नांवाच्या फ्रेंच विद्वानानें ओळखलें होतें कीं तेथें धर्म राज्यकारभारांत हात घालीत नाहीं, तरी लोकशाहीला लागणाऱ्या संवयी लोकांच्या अंगीं बाणविण्यांत त्याचा वांटा सर्वांत मोठा आहे. देवळांत येणारा मनुष्य आपले शेजारी स्वतः निवडीत नाहीं. एकाच बांकावर सावकार व ऋणको, म्हातारी विधवा व खोडकर पोर, या पक्षाचा व त्या पक्षाचा, असे शेजारीं शेजारीं गुडघे टेकतात. आपल्याहून निराळ्या माणसास दर आठवड्यास समोरासमोर पाहण्याची ही शाळा बंद पडली, म्हणजे माणूस आपल्याच मताच्या मंडळींत कोंडला जातो. श्रद्धेची जागा मग पक्षनिष्ठा घेते. आणि पक्षनिष्ठेला प्रतिपक्षाला क्षमा करण्याचा संस्कार नसतो. अमेरिकेंत आज दिसणाऱ्या कडव्या फुटीचें हेंहि एक मूळ आहे, असें आमचें मत आहे.

१९५५ च्या डिसेंबरांत मॉन्टगोमरी शहरीं बसगाड्यांतील वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनीं बहिष्कार पुकारला, तेव्हां त्यांची पहिली महासभा भरली ती होल्ट स्ट्रीटवरील बॅप्टिस्ट देवळांत. १९६५ सालीं सेल्मा येथील मोर्चे निघाले ते ब्राउन चॅपल या देवळाच्या दारांतून. ज्यांना नगरभवनाचीं दारें बंद होतीं, त्यांना हक्काचें छप्पर, शिकलेला पुढारी आणि एकमेकांवर भरंवसा देवळानेंच पुरविला. व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्यांच्या कितीतरी सभा आजहि देवळांच्या तळघरांत भरतात. असें एकेक दार मिटतें, तेव्हां तेथें कधीं गुडघा न टेकलेला माणूसहि कांहींतरी गमावतो.

याहून खोल हानि एकटेपणाची आहे. २०२३ सालीं अमेरिकेचे तेव्हांचे सर्जन जनरल, आपल्या कर्नाटकांतून गेलेल्या कुटुंबाचे पुत्र डॉक्टर विवेक मूर्ती, यांनीं राष्ट्रास इशारा दिला कीं एकटेपणा ही आतां सांथीसारखी पसरलेली व्याधि आहे. निम्म्याच्या आसपास प्रौढ लोक ती भोगीत आहेत. धार्मिक संस्थांचें सभासदत्व ओसरल्याची नोंदहि त्या निवेदनांत केलेली आहे. बंधुभगिनींनो, देवळांत जाणाऱ्या माणसाला एक अमोल वस्तु मिळत असे, ती ही कीं तो न आला तर कोणाच्या तरी तें ध्यानीं येई. "गेल्या रविवारीं दिसलां नाहींत, बरें आहे ना?" या एका वाक्यांत शेजारधर्माचें सार आहे. बाजारांत आपण न गेलों तर दुकानदार दुसरें गिऱ्हाईक पाहतो. ज्या समाजांत माणसाची गैरहजेरी कोणाला जाणवत नाहीं, तो समाज कितीहि श्रीमंत असला तरी दरिद्रीच होय.

तथापि येथें आम्हांस स्वतःलाच एक ताकीद द्यावयाची आहे. भरलेले बांक म्हणजे निरोगी ख्रिस्तसभा, असें समजूं नये. ज्या काळांत देवळें तुडुंब भरत होतीं, त्याच काळांत डॉक्टर मार्टिन लूथर किंग यांना खेदानें सांगावें लागलें कीं ख्रिस्ती अमेरिकेंत रविवारीं सकाळीं अकराचा तास हाच सर्वांत अधिक वर्णभेदाचा तास आहे. आणि ज्या अत्याचारांचा उल्लेख आम्हीं केला, त्यांतले पुष्कळसे त्या भरल्या देवळांच्या दिवसांतच घडले. पीडित मुलें त्याच बांकांवर बसत होतीं, आणि त्यांच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. म्हणजे देऊळ रिकामें होण्यापूर्वीं कित्येक वर्षें, बांकावर बसलेला माणूसच दिसेनासा झालेला होता.

अलीकडे तेथील पाहणाऱ्यांना आढळलें आहे कीं २०१९-२० च्या सुमारापासून ही ओहोटी बरीचशी थांबल्यासारखी दिसते. ती भरतीची खूण कीं केवळ क्षणाचा विसावा, तें काळ ठरवील. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ८ मे २०२५ रोजीं निवडले गेलेले परमगुरुस्वामी चौदावे लिओ हे शिकागोच्या दक्षिणेस लागून असलेल्या एका उपनगरांत वाढले. बालपणीं ते ज्या पवित्र मरियेच्या देवळांत जात, तो धर्मग्राम २०११ सालीं दुसऱ्यांत विलीन झाला व ती वास्तु ओस पडली. त्यांचे वडील शाळाखात्यांत, आई ग्रंथपाल. त्या साध्या घरानें व त्या साध्या धर्मग्रामानें जें बीं पेरलें, तें वास्तूच्या भिंती ओस पडल्या तरी मेलें नाहीं. देऊळ दगडविटांचें असतें तोंवर तें बंद करतां येतें. माणसांत उतरलेलें देऊळ बंद करतां येत नाहीं.

आतां सिच्युएटच्या प्रश्नाकडे परत येऊं. तें देऊळ अकरा वर्षें रिकामें राहिलें नाहीं, याचें कारण आमच्या मतें साधें आहे. तेथें प्रत्येक घटकेपुढें कोणाचें तरी नांव लिहिलेलें असे. 'मी गेलों नाहीं तर देऊळ रिकामें पडेल,' हें ज्याला त्याला ठाऊक होतें. आपली गरज आहे हें कळलें म्हणजे माणूस मध्यरात्रींहि उठून येतो. आपल्यावांचून अडत नाहीं असें वाटलें म्हणजे तो रविवारच्या मिस्सेलाहि येत नाहीं. अमेरिकेंतील लक्षावधि लोक देवाशीं भांडून देवळाबाहेर गेले असें नाहीं. पुष्कळ जण नुसते हळूहळू येईनासे झाले, आणि कोणी विचारलें नाहीं.

आपलेंहि देऊळ आज भरलेलें आहे. याबद्दल परमेश्वराचे उपकार मानूं या. परंतु अमेरिकेला नांवें ठेवून घरीं जाऊं नये. आपल्याकडेहि मुलें शहरांत व परदेशीं जात आहेत, आपल्याहि घरीं रविवारला नवे धनी मिळत आहेत. म्हणून या ज्युबिलीची आठवण म्हणून प्रत्येक कुटुंबानें एक व्रत घ्यावें. येत्या रविवारीं मिस्सेला आल्यावर आपल्या शेजारची रिकामी जागा पाहावी, तेथें पूर्वीं कोण बसत असे तें आठवावें, आणि त्याच सायंकाळीं त्याच्या घरीं जावें. रागवावयास नव्हे, उपदेश करावयास नव्हे. केवळ "तुम्ही दिसलां नाहींत, म्हणून आलों" एवढें सांगावयास. त्याचें कांहीं गाऱ्हाणें असेल तर तें मुकाट्यानें ऐकावें; आणि तें खरें असेल तर वडीलधाऱ्यांपुढें निर्भयपणें मांडावें.

नव्याण्णव मेंढरें रानांत ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधास निघालेल्या प्रभूनें आपणां सर्वांस मोजण्याची नव्हे, तर ओळखण्याची दृष्टि द्यावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.