पायथॉन शिकणाऱ्याच्या पहिल्या अडचणी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेची चाल पाडली. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या श्रोत्यांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी इतिहास ऐकला, वाङ्मय ऐकले, शेती आणि अर्थकारण ऐकले. आज वेण्णेच्या काठी, मेढ्यास, आम्ही संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात आणि त्या देताना नवशिक्याची फजिती कोठे होते, हे सांगण्यास उभे आहोत. विषय रुक्ष वाटेल. परंतु तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी ही विद्या शिकू पाहत असेल, आणि पहिल्याच आठवड्यात 'हे आपले काम नव्हे' म्हणून बाजूला झाली असेल. ती का बाजूला होते, हा आमचा खरा विषय आहे.

प्रथम नावाचा खुलासा करू. पायथॉन म्हणजे अजगर. आपल्या जावळीच्या रानात सापांचे कौतुक कमी आणि भीती अधिक. तेव्हा नावानेच कोणी बिचकले तर नवल नाही. परंतु या भाषेचा अजगराशी संबंध नाही. हॉलंडमधील गिडो व्हान रॉसम या गृहस्थांनी १९८९ च्या नाताळच्या सुटीत ॲमस्टरडॅम येथे ही भाषा रचावयास घेतली आणि १९९१ साली ती लोकांपुढे ठेवली. नाव घेतले ते बी.बी.सी.वरील 'मॉन्टी पायथॉन' या विनोदी कार्यक्रमावरून. म्हणजे भाषेचा जन्मच मुळी हसण्याच्या मनःस्थितीत झालेला आहे. शिकणाऱ्याने रडण्याचे कारण नाही.

आमच्या देशात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कामास लागला. तेव्हा यंत्र एक आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारी माणसे मूठभर. आज पायथॉन खिशातल्या मोबाईलवरही चालते आणि त्याला पैसे पडत नाहीत. यंत्र दारापर्यंत आले आहे. पण यंत्र दारात येणे निराळे आणि ते घरात घेणे निराळे.

आता एक हकीकत सांगतो. तीत आमचाच दोष आहे. आमच्या संध्याकाळच्या वर्गात एक मुलगी येत असे. घरी दोन गाई, आणि दुधाचा हिशेब आई वहीत ठेवी. तो हिशेब यंत्राकडून करून घ्यावा, असे मुलीच्या मनाने घेतले. सकाळचे लिटर विचारायचे, संध्याकाळचे विचारायचे, बेरीज सांगायची, अशी चार ओळींची आज्ञावली तिने लिहिली. सकाळचे १२ भरले, संध्याकाळचे ८ भरले. यंत्राने उत्तर दिले, १२८. शेजारची मुले हसली. मुलीचा चेहरा उतरला. आणि आम्ही काय केले? घाईघाईने तिच्यापुढचा कीबोर्ड ओढला, दोन शब्द घातले, २० आणून दाखवले आणि पुढच्या बाकाकडे वळलो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

१२८ का आले? यंत्र चुकले नव्हते. पायथॉनमध्ये 'इनपुट' या आज्ञेने माणसाला काही विचारले, की जे टंकले जाईल ते अक्षरे म्हणून घेतले जाते, संख्या म्हणून नव्हे. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक ठेवणे. 'मेढा' आणि 'गाव' यांची बेरीज जशी 'मेढागाव', तशी '१२' आणि '८' यांची '१२८'. ही संख्या समज, असे यंत्राला 'इंट' या शब्दाने सांगावे लागते. आणि गाईने साडेबारा लिटर दिले तर? मग 'इंट' अडून बसते, कारण त्याला पूर्णांकच हवा. तेथे 'फ्लोट' म्हणावे लागते. हे समजावण्यास पाच मिनिटे पुरली असती. ती पाच मिनिटे आम्ही दिली नाहीत.

या एका उदाहरणावरून चुकांच्या दोन जाती ध्यानात येतील. एक बोलकी चूक आणि एक मुकी चूक. बोलकी चूक झाली, की यंत्र थांबते आणि लाल अक्षरांत मजकूर दाखवते. नवशिका भितो तो या लाल अक्षरांना. मुकी चूक झाली, तर यंत्र निमूटपणे चुकीचे उत्तर देऊन मोकळे होते. भ्यावयाचे असेल तर मुक्या चुकीला भ्यावे.

आधी बोलकीचे पाहू. तो लाल मजकूर खालून वाचावा. शेवटच्या ओळीत चुकीचे नाव असते आणि तिच्या वर चूक कोणत्या ओळीत सापडली तो आकडा. 'नेम एरर' म्हणजे तुम्ही ज्या नावाने हाक मारलीत, त्या नावाचे कोणी येथे नाही. बहुधा स्पेलिंग चुकले, किंवा पहिले अक्षर मोठे की लहान यात गोंधळ झाला. 'टाइप एरर' म्हणजे अक्षरे आणि संख्या एकाच तागडीत घातल्या. 'सिंटॅक्स एरर' म्हणजे व्याकरण चुकले: कंस उघडला आणि मिटला नाही, किंवा 'इफ'च्या ओळीअखेर अपूर्णविराम राहिला. येथे एक खुबी आहे. यंत्र ज्या ओळीकडे बोट दाखवते तीत दोष दिसला नाही, तर वरची ओळ पाहावी. उघडा राहिलेला कंस वर असतो आणि यंत्राला ठेच लागते खाली. २०२१ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून हे निरोप पुष्कळ स्पष्ट झाले आहेत. कोणता कंस उघडा राहिला हे यंत्र सांगते, नाव थोडे चुकले तर 'तुम्हांला अमुक म्हणावयाचे होते काय' असेही विचारते. इतका सभ्य परीक्षक आमच्या शाळेत आम्हांस मिळाला नाही.

काही बोलक्या चुका खास आपल्याकडच्या आहेत. मोबाईलवरच्या निरोपातून किंवा लेखनाच्या प्रोग्राममधून ओळी उतरवल्या, की अवतरणचिन्हे वळणदार होऊन येतात. पायथॉनला सरळ चिन्हे लागतात. देवनागरी आकड्यांचीही एक गंमत आहे. विचारलेल्या प्रश्नाला कोणी '१२' असे देवनागरीत उत्तर दिले, तर 'इंट' ते बिनतक्रार समजून घेते. पण आज्ञावलीच्या ओळीतच देवनागरी १२ लिहिले तर यंत्र अडते. तिसरी चूक जुन्या पुस्तकांची. पायथॉनची तिसरी पिढी २००८ साली आली आणि दुसरीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला. जुन्या पुस्तकात 'प्रिंट' पुढे कंस नसतो; नव्या पायथॉनला तो हवाच. तेव्हा ग्रंथालयातून पुस्तक घेताना ते कोणत्या पिढीचे आहे ते पाहावे, म्हणजे विनाकारण स्वतःस मंद समजण्याची पाळी येणार नाही. आणि चौथी, आपल्या फायलीस 'रँडम' असे नाव देण्याची. पायथॉनच्या भांडारात त्याच नावाचा भाग आहे. तुम्ही तो मागवता आणि यंत्र तुमचीच फाइल तुमच्या हाती देते.

आता मुक्या चुका. दुधाचाच हिशेब पुढे नेऊ.

पायथॉनमध्ये कोणती ओळ कोणाच्या पोटातली, हे डावीकडे सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरते. आपल्याकडे डोंगरउतारावर भाताची खाचरे एकाखाली एक असतात. बांधाच्या आतले पाणी त्या खाचराचे. येथे चार मोकळ्या जागा हाच बांध. रोजच्या दुधाचे पैसे तीस वेळा मिळवायचे आणि पेंडीचे पैसे महिन्यातून एकदा वजा करायचे, असा हिशेब आहे. वजाबाकीची ओळ चुकून बांधाच्या आत गेली, तर पेंडीचे पैसे तीस वेळा वजा होतील. यंत्र चकार शब्द काढणार नाही.

दुसरी मुकी चूक मोजणीची. 'रेंज' या आज्ञेस १ आणि ३० हे आकडे दिले, तर ती २९ वर थांबते. शेवटचा आकडा ती घेत नाही. म्हणजे महिनाअखेरचे दूध हिशेबातून गेले! तेथे ३१ द्यावे लागतात. यादीची मोजणीही शून्यापासून चालते. हे विचित्र वाटते, पण आपणही तळमजल्यावर राहून वरच्याला पहिला मजला म्हणतोच की.

तिसरी चूक दोन नावांची. मार्चची यादी तयार आहे, एप्रिलसाठी तशीच हवी, म्हणून 'एप्रिल = मार्च' असे लिहिले. नवशिक्यास वाटते, नक्कल झाली. नक्कल झालेली नाही; एकाच यादीला दोन नावे मिळाली. एकाच जमिनीच्या सातबाऱ्यावर दोन भावांची नावे लागली म्हणून जमिनी दोन होत नाहीत. एप्रिलमध्ये फेरफार केला, की मार्चही बदलतो. खरी नक्कल हवी तर 'कॉपी' असे स्पष्ट सांगावे लागते.

चौथी चूक पैशांची. पायथॉनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तरात शून्य दशांश तीन, त्यापुढे पंधरा शून्ये आणि शेवटी एक चार येतो. यंत्र आतून दोनच अंकांत मोजते. त्या पद्धतीत एक दशांश हा अपूर्णांक नेमका मांडता येत नाही, जसा आपल्या दशमानात एक तृतीयांश मांडता येत नाही. उपाय जुन्या मुनिमाचा: हिशेब पैशांत ठेवावा, रुपये शेवटी करावेत.

मुक्या चुका पकडण्याची रीत कोणती? जावळीच्या रानात वाट चुकलेला शहाणा माणूस पुढे धावत नाही. जेथवर वाट खात्रीची होती, त्या खुणेपाशी तो परत येतो. तसेच येथे करावे. एकदम चाळीस ओळी लिहू नयेत. चार लिहाव्यात, चालवाव्यात, मग पाचवी. चालवण्यापूर्वी उत्तर काय यावे ते कागदावर लिहावे, कारण अपेक्षाच नसेल तर चूक ओळखणार कशी? मध्येमध्ये 'प्रिंट' घालून यंत्राच्या पोटात त्या क्षणी काय आहे ते पाहावे. आणि तरीही उलगडा झाला नाही, तर प्रत्येक ओळ कोणाला तरी मोठ्याने समजावून सांगावी. ऐकणाऱ्याला पायथॉन आले पाहिजे असे नाही. घरची आजी चालते. सांगता सांगता आपणच मध्ये थांबतो आणि म्हणतो, 'अरे, येथेच गोम आहे!'

मदत मागण्याचीही रीत आहे. 'चालत नाही' एवढे सांगून भागत नाही. काय लिहिले, काय यावे असे वाटले आणि प्रत्यक्ष काय आले, या तीन गोष्टी सांगाव्यात, लाल मजकूर संपूर्ण दाखवावा. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने भारतीय भाषांतून, त्यांत मराठीतूनही, संगणकाचे धडे दिले आहेत आणि पायथॉन हा त्यांतील एक विषय आहे. शिवाय आज प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी यंत्रेही झाली आहेत. त्यांना विचारू नये, असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'दुरुस्त करून दे' असे विचारणारा आणि 'हे का चुकले' असे विचारणारा, यांत महदंतर आहे. पहिल्याची आज्ञावली सुधारते, दुसरा स्वतः सुधारतो. कीबोर्ड ओढून घेणाऱ्या मास्तरात आणि त्या यंत्रात मग फरक तो काय राहिला?

त्या मुलीचे सांगावयाचे राहिले. आठ दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो आणि चूक आमची झाली, हे तिच्या आईसमोर कबूल केले. ती म्हणाली, "सर, २० आले ते तुमचे होते. माझे तर १२८च." या वाक्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. ती परत वर्गाला आली. १२८ वर पुन्हा बसली, शेजारणीला प्रश्न विचारले, दोन संध्याकाळी घालवल्या. २० आले तेव्हा ती हसली नाही की ओरडली नाही. तिने लगेच साडेबारा घालून पाहिले, आणि यंत्र पुन्हा अडले तेव्हा खाली वाकून लाल मजकुराची शेवटची ओळ वाचू लागली. त्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या कीबोर्डास हात लावावयाचा नाही, असा नियम आम्ही स्वतःस घालून घेतला आहे.

आपल्या तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईस गेली आणि पाठीवर ओझी वाहून त्यांनी घरे उभी केली. त्यांच्या नातवंडांनी या नव्या विद्येच्या दारातून केवळ चार लाल ओळींना भिऊन परत फिरावे, हे आम्हांस पाहवत नाही. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा विद्या आपल्यासाठी नाही ही समजूतच त्यांना मोडावयाची होती. ती समजूत निरनिराळी रूपे घेऊन परत येते. आज ती लाल अक्षरांत येते, एवढेच.

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांस एकच विनंती. मूल यंत्रापुढे अडून बसले, तर 'जमत नसेल तर सोड' असे म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "शेवटच्या ओळीत काय लिहिले आहे, वाच बघू." तुम्हांला ती समजण्याची गरज नाही. त्याने ती वाचली, की पुढचे बहुधा तेच पाहून घेईल.