सांगणं म्हणजे चहाडी नव्हे

आम्ही बचत गटाच्या सहयोगिनी दर वेळी तुमच्याशी हप्ता, व्याज, बँकेचे कागद यांविषयी बोलतो. आज मात्र शाळेविषयी बोलणार आहोत. शाळाही गावातली नव्हे, थेट फिलिपिन्स देशातली. तिथली गोष्ट आमच्या बैठकीत कशी आली, ते आधी सांगतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचा मुलगा सहावीत आहे. त्याचं रोज सकाळी पोट दुखायचं, रविवारी मात्र दुखायचं नाही. खोदून विचारल्यावर कळलं की तो बोलताना अडखळतो, म्हणून वर्गातली चार-पाच मुलं त्याची नक्कल करतात. त्याच्या आईने हे बैठकीत सांगितलं, आणि आम्ही सगळ्या एकदम सल्ले द्यायला लागलो. "लक्ष देऊ नको म्हणावं." "चिडतो म्हणून चिडवतात." "पोरांचं चालायचंच, एकदा दोन ठेवून दे म्हणावं."

त्या दिवशी बैठकीत एका ताईंची भाची बसली होती. ती फिलिपिन्समधल्या दवाओ शहरात डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची पुष्कळ मुलं-मुली तिथे शिकायला जातात. ती म्हणाली, "मावशी, तिथेही हेच म्हणतात. 'आंग पिकोन, तालो', म्हणजे चिडला तो हरला." पिकोन म्हणजे आपला चिडका बिब्बा. आणि जो मोठ्यांना जाऊन सांगतो, त्याला म्हणतात सुम्बुंगेरो, म्हणजे चहाडखोर. आता बघा, चिडलं तरी हरला आणि सांगितलं तरी चहाडखोर. मग त्या पोराने करायचं काय? गप्प बसायचं, आणि सकाळी पोट दुखतं म्हणायचं.

ही गप्प पोरं तिथे किती आहेत? जगातल्या अनेक देशांत १५ वर्षांच्या मुलांची पिसा नावाची एक चाचणी होते. तिच्यात अभ्यासाबरोबर शाळेतल्या वागणुकीचेही प्रश्न असतात. २०१८ साली फिलिपिन्समधल्या १०० पैकी ६५ मुलांनी सांगितलं की, महिन्यातून निदान काही वेळा आम्हाला शाळेत त्रास दिला जातो. पुढारलेल्या देशांची सरासरी तेव्हा २३ होती. २०२२ साली तिथल्या १०० मुलग्यांपैकी ५३ आणि १०० मुलींपैकी ४३ जणींनी तेच सांगितलं. आकडा थोडा उतरला, पण अजून फार मोठा आहे.

तिथल्या सरकारने काही केलंच नाही असं नाही. २०१२ साली त्यांच्या शिक्षण खात्याने प्रत्येक शाळेत बाल संरक्षण समिती नेमायला सांगितलं. २०१३ साली शाळेतल्या दादागिरीविरुद्ध खास कायदा केला. बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत तो सगळ्या शाळांना लागू आहे. मारणं-ढकलणं त्यात येतंच, पण रूपावरून, कपड्यांवरून बोलून मन दुखावणंही येतं. मोबाईलवरून छळणंसुद्धा येतं, मग ते शाळेबाहेर का घडेना.

आम्हाला त्या कायद्यातल्या चार गोष्टी फार पटल्या.

पहिली गोष्ट, सांगणाऱ्याला संरक्षण आहे. तक्रार केली म्हणून कुणी सूड उगवला, तर तोही गुन्हाच धरला जातो. नाव न देताही तक्रार करता येते. मात्र निनावी तक्रारीवरून कुणालाही सरळ शिक्षा करता येत नाही, आधी चौकशी करावी लागते. म्हणजे खोट्या आळापासूनही मूल वाचतं.

दुसरी, चौकशीत खरं निघालं की मुख्याध्यापकांनी दोन्ही घरी कळवायचं. त्रास देणाऱ्याच्या आईवडिलांना तर सांगायचंच, पण ज्याला त्रास झाला त्याच्या घरीही सांगायचं, की यापुढे असं होऊ नये म्हणून शाळा काय करते आहे.

तिसरी, त्रास देणाऱ्या मुलाला नुसती शिक्षा देऊन सोडायचं नाही. शाळेने त्याला सुधारणेच्या कार्यक्रमात घ्यायचं, आणि त्याच्या आईवडिलांनाही त्यात यायला सांगायचं. तेही कुणाचं तरी लेकरूच आहे. पुष्कळदा घरात जे सोसतं, तेच ते वर्गात दुसऱ्यावर काढतं.

आणि चौथी, समितीत फक्त शिक्षक नाहीत. पालकांचा एक प्रतिनिधी, विद्यार्थ्यांचा एक आणि बारांगायचा एक असतो. बारांगाय म्हणजे तिथली गावकी, आपल्या ग्रामपंचायतीसारखी.

मग एवढं असून आकडा मोठा का? कायदा ऐकायला बसत नाही, माणूस बसतो. तिथे सरकारी शाळांत वर्ग गच्च भरलेले असतात, आणि मुलांशी बोलायला नेमायच्या समुपदेशकांच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी आणखी एक कायदा करावा लागला. समिती कागदावर असते, पण 'चिडला तो हरला' हे शिक्षकाच्याही तोंडी असलं, तर मूल तिच्यापर्यंत पोचतच नाही.

इथे आम्ही आमच्याकडे बघितलं. आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात ७५ टक्के पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. आमच्या गटांतल्या कितीतरी जणी तिच्यात आहेत. पण खरं सांगतो, आम्ही तिथे पोषण आहार आणि गळकं छप्पर एवढंच बोलत होतो. आमच्या पोटातली पोरं रोज काय ऐकून घरी येतात, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्या ताईंबरोबर आम्ही दोघी शाळेत गेलो. भांडायला नाही, सांगायला. कोणत्या दिवशी, कुठे, कोण काय म्हणालं, हे वहीत लिहून नेलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, तोही हसतोय." मैत्रिणींनो, तो हसत होता. रडलं तर आणखी चिडवतील, म्हणून हसत होता.

नंतर बाईंनी त्या मुलांच्या घरी निरोप दिला. एक आई आमच्याच शेजारच्या गटातली निघाली. तिला आधी राग आला. दोन बैठका ती आमच्याशी बोलली नाही. मग बोलली. चिडवणं पूर्ण थांबलं असं आम्ही म्हणणार नाही, पण पोराचं पोट दुखणं कमी झालंय, आणि आता काही झालं तर तो घरी येऊन सांगतो.

तेव्हा एवढंच करा. मूल शाळेतून आलं की "किती मार्क पडले" याच्या आधी "आज कुणाशी खेळलास" हे विचारा. ते सांगायला लागलं की मध्ये सल्ला देऊ नका. दुसऱ्याच्या मुलाला त्रास होताना पाहिलं असं ते म्हणालं, तर "तुला काय करायचंय" म्हणू नका, कारण पाहणाऱ्याने सांगितलं की त्रास लवकर थांबतो. लिहून ठेवा आणि शाळेत जा. एकटीला धीर होत नसेल तर गटातल्या दोघींना सोबत न्या. अगदीच अडलं तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तो फुकट लागतो.

आणि "चहाडी करू नकोस" हे वाक्य घरात बोलण्याआधी थोडं थांबा. चहाडी दुसऱ्याला अडकवायला करतात. मदत मागायला जे सांगतात, ती चहाडी नसते.

येतो आम्ही. पुढच्या वेळी हप्त्यांचं बोलू.