तेलकट लांकूड आणि टिकाऊ झिलई



यवतमाळ जिल्ह्यांत, महागांव तालुक्यांतील फुलसावंगीच्या बाजूस, साग हा कांहीं परका वृक्ष नव्हे. तेव्हां तेथील एखाद्या होतकरू कातार्‍यास सागाच्या किंवा शिसवाच्या तुकड्याची लेखणी कातण्याची हौस वाटली, तर त्यांत नवल नाहीं. कातणें साधतें, बिघडते ती झिलई.

माझेंच उदाहरण सांगतों. वडील बंधूंकरितां मीं शिसवी लेखणी कातली, तीवर जवसाच्या तेलाचें रोगण चढविलें आणि मोठ्या अभिमानानें ती त्यांच्या हातीं दिली. आठ दिवसांनीं ते हंसून म्हणाले, ‘लेखणी सुरेख आहे, पण ती बोटें सोडीत नाहीं!’ रोगण वाळलेंच नव्हतें.

असें कां व्हावें? हें रोगण हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, आणि शिसवाच्या अंगचे अर्क नेमके त्या क्रियेच्या आड येतात. सागाची अडचण निराळी. त्याच्या तेलकट अंगास रोगण नीट धरीत नाहीं व पुढें पापुद्रे सुटतात. सागास वाळवी सहसा लागत नाहीं, ती अशाच अंगच्या द्रव्यांमुळें. जो गुण लांकडास राखतो, तोच झिलईस मारक होतो.

उपाय अवघड नाहीं. मात्र क्रम चुकतां कामा नये. काचकागद हलक्या हातानें लावावा. घर्षणानें लांकूड तापलें कीं आंतील तेल वर येतें. मग यंत्र थांबवून, जवळपास विस्तव नाहीं हें पाहून, स्पिरिटांत भिजविलेल्या फडक्यानें दोनतीन वेळां पुसावें. दुसर्‍या दिवसाची वाट पाहूं नये. तेल पुन्हां वर येतें. स्पिरिट उडून जातांच मेण काढलेल्या लाखेचा पातळ हात द्यावा. लाख वाळते ती तिच्यांतील स्पिरिट उडाल्यानें. तिला प्राणवायूची गरज नाहीं, म्हणून हे अर्क तिला अडवीत नाहींत. लाखेचे किडे पळसावरही पोसतात. म्हणजे रोग आणि औषध दोन्ही रानांतलींच!

परंतु लाख एकटी पुरत नाहीं. उष्णतेनें ती मऊ पडते, पाण्यानें तीवर पांढुरके डाग उठतात, आणि लेखणीस तर रोजचा बोटांचा घाम. म्हणून लाख पुरती वाळल्यावर रोगणाचे तीनचार पातळ हात द्यावे, आणि प्रत्येक हात वाळल्यावांचून पुढचा देऊं नये.

बंधूंची लेखणी मीं परत मागितली, खरडली, पुसली आणि याच क्रमानें पुन्हां सजविली. डोळ्यांना दिसते ती वरची झिलई. ती टिकते मात्र खालच्या पुसण्यावर. हल्लीं त्यांचीं पत्रें त्याच लेखणीनें लिहिलेलीं येतात.